घरगुती ब्रॉडबँड सेवा पुरवठादार बदलताना : पूर्वतयारी, प्रक्रिया आणि नंतरची दक्षता

मोबाइल क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभरातील ग्राहकांना २०११ पासून उपलब्ध आहे. घरातील ब्रॉडबँड जोडणीसाठी मात्र अशी सोय नाही. ब्रॉडबँड ‘बदलणे’ म्हणजे प्रत्यक्षात एक सेवा बंद करणे आणि दुसरी नव्याने घेणे. या दोन कृतींचा मेळ घालण्याची जबाबदारी जुन्या किंवा नव्या कंपनीवर नसते. ती ग्राहकालाच पार पाडावी लागते. हे ध्यानात न आल्यामुळे काही कुटुंबांना कित्येक दिवस इंटरनेटविना काढावे लागतात, तर काहींना वापरात नसलेल्या जोडणीची देयके येत राहतात. घरून काम करणारे, ऑनलाइन परीक्षा देणारे विद्यार्थी आणि दूरध्वनीवर विसंबून असलेले ज्येष्ठ नागरिक यांच्या दृष्टीने हा खंड केवळ गैरसोयीचा विषय राहत नाही. त्यामुळे या प्रक्रियेचा क्रम, तिच्यातील आर्थिक बाबी आणि बदलानंतर जाणवणारे फरक यांची माहिती ग्राहकांना असणे आवश्यक आहे.

पार्श्वभूमी

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम लिमिटेडने सुरू केली. त्या काळी दूरध्वनीवरून क्रमांक फिरवून जोडणी मिळवावी लागत असे. केंद्र सरकारने २००४ मध्ये ब्रॉडबँड धोरण जाहीर केले आणि किमान २५६ केबीपीएस वेगाच्या, सतत सुरू राहणाऱ्या जोडणीला ब्रॉडबँड म्हणावे असे ठरविले. जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोन निगम यांनी घरोघरी असलेल्या तांब्याच्या दूरध्वनी तारांवरून ही सेवा देण्यास प्रारंभ केला. किमान वेगाची ही मर्यादा २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस आणि जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस करण्यात आली.

दरम्यान तांब्याच्या तारेची जागा मोठ्या प्रमाणावर ऑप्टिकल फायबरने घेतली. बीएसएनएल, एअरटेल, जिओ अशा देशव्यापी कंपन्यांबरोबरच शहराशहरांतील लहान कंपन्या आणि केबलचालकही या क्षेत्रात आहेत. २०२३ मध्ये एअरटेल आणि जिओ यांनी ५जी लहरींद्वारे घरात इंटरनेट पोहोचविणारी, तारेची गरज नसलेली सेवाही सुरू केली. परिणामी अनेक शहरांत एकाच इमारतीतील ग्राहकापुढे तीन-चार पर्याय असतात आणि सेवा बदलण्याचा विचार अधिक वेळा केला जातो.

पोर्टेबिलिटी का नाही?

मोबाइल क्रमांक पोर्टेबिलिटीचा प्रारंभ २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणातून झाला आणि २० जानेवारी २०११ पासून ती देशभर लागू झाली. तेथे केवळ क्रमांकाची नोंद एका कंपनीकडून दुसरीकडे जाते आणि ग्राहक सिमकार्ड बदलतो. ब्रॉडबँडचे स्वरूप वेगळे आहे. जुन्या कंपनीची तार, तिचे खांब, इमारतीतील तिची पेटी आणि घरातील तिचे उपकरण यांपैकी काहीही सहसा नव्या कंपनीच्या उपयोगाचे नसते. नवी कंपनी आपली तार स्वतंत्रपणे आणते.

अशी अडचण असूनही ग्राहकाचा भार हलका करता येतो, हे अन्य देशांत दिसून आले आहे. ब्रिटनमध्ये १२ सप्टेंबर २०२४ पासून ग्राहकाने केवळ नव्या कंपनीशी संपर्क साधावा आणि जुनी सेवा बंद करण्याचे काम त्या कंपनीनेच पार पाडावे, अशी व्यवस्था अमलात आली. भारतात ग्राहकाला दोन्ही कंपन्यांशी स्वतंत्रपणे व्यवहार करावा लागतो.

बदलाचा निर्णय घेण्यापूर्वी

दोष नेमका कोठे आहे, हे प्रथम तपासावे. संथ वेगाची अनेक कारणे घराच्या आतच असतात. राउटर कपाटात किंवा दूरचित्रवाणी संचाच्या मागे ठेवल्यास, अथवा मध्ये जाड भिंती असल्यास वाय-फायची शक्ती घटते. संगणक तारेने थेट राउटरला जोडून दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी वेग मोजावा. तारेवर ठरलेला वेग मिळत असेल आणि केवळ वाय-फायवर तो कमी पडत असेल, तर कंपनी बदलूनही हा प्रश्न सुटणार नाही. तारेवरही वेग मिळत नसेल, विशेषतः दररोज सायंकाळी तो घसरत असेल, तर दोष बहुधा कंपनीच्या जाळ्यात असतो.

दुसरा मुद्दा तंत्रज्ञानाचा. तांब्याच्या तारेवरील सेवेचा वेग दूरध्वनी केंद्रापासूनच्या अंतराबरोबर कमी होतो. फायबरच्या बाबतीत शहरातील अंतरांमुळे वेगात असा फरक पडत नाही. मात्र घरगुती फायबरही पूर्णपणे एका घराचे नसते. प्रचलित जीपॉन पद्धतीत केंद्राकडून येणारा एक तंतू सामान्यतः ३२ किंवा ६४ घरांत विभागला जातो आणि सुमारे २.५ जीबीपीएसची क्षमता या घरांत वाटली जाते. ५जी लहरींवरील सेवेत मनोऱ्यापासूनचे अंतर, मधल्या इमारती आणि त्या परिसरातील गर्दी यांचा परिणाम होतो. जेथे फायबर पोहोचलेले नाही तेथे ही सेवा उपयुक्त ठरते. जेथे दोन्ही उपलब्ध आहेत तेथे स्थिरतेसाठी फायबरला प्राधान्य देणे इष्ट.

जाहिरातीतील वेगापेक्षा शेजाऱ्यांचा अनुभव अधिक विश्वसनीय असतो. एकाच कंपनीची सेवा एका वसाहतीत उत्तम आणि दुसरीत निकृष्ट असू शकते, कारण स्थानिक तारांची देखभाल बहुधा स्थानिक भागीदाराकडे सोपविलेली असते. त्याच इमारतीतील ग्राहकांना तीन प्रश्न विचारावेत : बिघाड महिन्यातून किती वेळा होतो, दुरुस्तीस किती दिवस लागतात आणि तक्रार केल्यावर प्रत्यक्ष माणूस येतो का.

दरांची तुलना करताना

योजनेचा जाहीर केलेला मासिक दर आणि प्रत्यक्ष खर्च यांत तफावत असते. दूरसंचार सेवांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आकारला जातो आणि जाहिरातीतील आकड्यात तो बहुधा धरलेला नसतो. ५०० रुपयांच्या योजनेचे देयक त्यामुळे ५९० रुपयांचे होते. जोडणीचे शुल्क, राउटरचे भाडे किंवा अनामत रक्कम आणि काही वेळा अतिरिक्त तारेचा खर्च यांची स्वतंत्र चौकशी करावी. जोडणी ‘विनामूल्य’ देण्यासाठी सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे शुल्क आगाऊ घेण्याची पद्धत रूढ आहे. मध्येच सेवा सोडल्यास उरलेल्या काळाची रक्कम परत मिळते की नाही, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

‘अमर्यादित’ या शब्दाचीही शहानिशा करावी. अनेक योजनांच्या अटींत मासिक वापराची मर्यादा नमूद असते आणि ती ओलांडल्यावर वेग कमी केला जातो. ही मर्यादा ओलांडल्यानंतरही घरगुती ब्रॉडबँडचा वेग ५१२ केबीपीएसपेक्षा कमी करता येणार नाही, असा निर्देश भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण अर्थात ट्रायने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिला होता. तथापि या वेगावर ध्वनिचित्र बैठका घेणे कठीण असते. घरून काम करणाऱ्यांनी डाउनलोडबरोबर अपलोडचा वेगही विचारावा, कारण बैठकीत आपले चित्र आणि आवाज समोर पोहोचणे अपलोडवर अवलंबून असते.

आधी नवी, मग जुनी

सर्वांत महत्त्वाचा नियम क्रमाचा आहे. नवी जोडणी प्रत्यक्ष सुरू होऊन काही दिवस व्यवस्थित चालल्याशिवाय जुनी बंद करण्याचा अर्ज करू नये. ‘उद्या जोडणी देतो’ असे सांगितल्यानंतरही तांत्रिक अडचणीमुळे, गृहनिर्माण संस्थेच्या परवानगीअभावी किंवा इमारतीतील पेटीत जागा नसल्यामुळे विलंब होऊ शकतो. दोन्ही सेवा आठ-दहा दिवस एकाच वेळी सुरू ठेवण्याचा खर्च अल्प असतो आणि तो या अनिश्चिततेपासून संरक्षण देतो. जुन्या सेवेची मुदत संपण्याच्या दोन-तीन आठवडे आधी नव्या सेवेसाठी नोंदणी केल्यास हा खर्चही जवळजवळ टळतो.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी घरमालकाची, तर सदनिकाधारकांनी संस्थेच्या कार्यालयाची संमती अगोदर घ्यावी. काही संस्था ठरावीक कंपन्यांनाच तारा टाकू देतात. नोंदणीच्या वेळी ओळख व पत्त्याचा पुरावा लागतो. जोडणी ज्याच्या नावावर असेल त्यालाच पुढे ती बंद करण्याचा किंवा अनामत मागण्याचा अधिकार असतो. त्यामुळे केवळ सोयीसाठी ती मित्राच्या किंवा घरमालकाच्या नावावर घेणे टाळावे.

जोडणीच्या दिवशी तंत्रज्ञ फायबर घरात आणून ते ओएनटी नावाच्या उपकरणाला जोडतो. हे उपकरण प्रकाशाच्या स्वरूपातील संदेश संगणकाला समजणाऱ्या विद्युत संदेशात बदलते. अनेकदा राउटर त्यातच अंतर्भूत असतो. फायबर काचेचे असल्यामुळे दाराच्या फटीतून किंवा टोकदार कोपऱ्यावरून दुमडून नेलेली तार पुढे त्रास देते. तंत्रज्ञ परत जाण्यापूर्वी त्याच्यासमोर तारेने संगणक जोडून वेग मोजावा, उपकरणाची जागा घराच्या मध्यभागी ठरवावी आणि राउटरचा मूळ पासवर्ड बदलून घ्यावा.

जुनी सेवा बंद करताना

तोंडी सूचना, स्थानिक प्रतिनिधीला केलेला दूरध्वनी किंवा केवळ पुढचे पैसे न भरणे म्हणजे सेवा बंद करणे नव्हे. आगाऊ शुल्काच्या योजनेत पैसे न भरल्यास सेवा आपोआप थांबते. परंतु कंपनीचे उपकरण घरात असल्यास त्याची किंमत ग्राहकाच्या नावे लागू शकते. नंतर शुल्क आकारणाऱ्या योजनेत लेखी अर्जाअभावी देयके साचत जातात आणि पुढे वसुलीची पत्रे येतात. म्हणून अर्ज ई-मेलने, कंपनीच्या अ‍ॅपवरून किंवा कार्यालयात लेखी स्वरूपात करावा आणि विनंती क्रमांक जपून ठेवावा.

असा अर्ज केल्यावर कंपनीकडून सवलतीचा प्रस्ताव येण्याची शक्यता असते. तो स्वीकारावा की नाही हा ग्राहकाचा प्रश्न आहे. परंतु प्रस्तावावर चर्चा सुरू असताना बंद करण्याची विनंती ‘निकाली’ दाखविली गेली नाही ना, याची खात्री करावी.

ओएनटी, राउटर आणि त्यांचे वीज-अडॅप्टर परत देताना उपकरणाच्या क्रमांकासह पोच घ्यावी. पोच न देता उपकरण नेऊ पाहणाऱ्या प्रतिनिधीला ते सोपवू नये. सोपविण्यापूर्वी त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. अंतिम देयक मिळवून ते भरावे आणि थकबाकी नसल्याचे लेखी उत्तर मागावे. त्यानंतर बँकेतील किंवा यूपीआयवरील स्वयंचलित वजावटीची परवानगी रद्द करावी. ही परवानगी रद्द करायची राहून गेल्यामुळे बंद केलेल्या सेवेचे पैसे खात्यातून जात राहिल्याची उदाहरणे सर्रास आढळतात.

अनामत रकमेच्या परताव्यासाठी ट्रायच्या २००६ च्या ब्रॉडबँड सेवा-गुणवत्ता नियमांत ६० दिवसांची मर्यादा होती. त्यांच्या जागी १ ऑक्टोबर २०२४ पासून नवे, अधिक कडक नियम लागू झाले आहेत. सेवा बंद होऊन दोन महिने उलटल्यानंतरही रक्कम न मिळाल्यास प्रतीक्षा न करता तक्रार नोंदविणे योग्य ठरेल.

बदलानंतर काय अपेक्षित असते?

पहिले दोन आठवडे किरकोळ अडचणींचे असू शकतात. त्यांपैकी बहुतेकांची कारणे ठरलेली आहेत.

वेगाचे गणित : योजनेतील वेग मेगाबिटमध्ये, तर संगणकावरील फाइल मेगाबाइटमध्ये मोजली जाते. आठ बिट म्हणजे एक बाइट. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट या गतीने उतरते. ती फसवणूक नव्हे. मात्र ३०० एमबीपीएसची योजना घेऊनही तारेवर वेग ९५च्या आसपासच अडकत असेल, तर जुना राउटर किंवा जुनी नेटवर्क केबल १०० एमबीपीएसपुढे जात नसण्याची शक्यता असते.

वाय-फायवरील उपकरणे : राउटर बदलल्यावर मोबाइल, दूरचित्रवाणी संच, प्रिंटर ही सर्व उपकरणे पुन्हा जोडावी लागतात. नव्या राउटरला जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड दिल्यास बहुतेक उपकरणे आपोआप जोडली जातात. आधीचा पासवर्ड अनेकांना माहीत असेल, तर मात्र नवा ठेवणेच श्रेयस्कर. प्रिंटर, कॅमेरे आणि ‘स्मार्ट’ दिवे यांपैकी अनेक उपकरणे केवळ २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर चालतात. ती जोडली जात नसल्यास राउटरवर हा पट्टा सुरू आहे का ते पाहावे.

कॅमेरे आणि कार्यालयीन जोडणी : आयपी पत्त्यांच्या टंचाईमुळे अनेक कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता असंख्य ग्राहकांत वाटतात. अशा वेळी बाहेरगावाहून घरातील सीसीटीव्ही यंत्रणेशी थेट जोडणी साधणे बंद पडू शकते. ज्यांना स्थिर आयपी पत्त्याची आवश्यकता आहे त्यांनी तो मिळतो का आणि त्याचे शुल्क किती, हे नोंदणीपूर्वीच विचारावे. कार्यालयाने घरचा आयपी पत्ता नोंदवून घेतला असल्यास संगणक विभागाला बदल कळवावा. नव्या जोडणीवर काही संकेतस्थळांना ग्राहक दुसऱ्याच शहरात असल्याचे भासणे आणि बँकेने ओळखीची अधिक पडताळणी मागणे, हेही घडू शकते.

दूरध्वनी : हा मुद्दा ज्येष्ठ नागरिकांच्या घरांत विशेष महत्त्वाचा आहे. पोर्टेबिलिटीची सोय मोबाइलपुरती असल्याने कंपनी बदलल्यावर घरचा जुना दूरध्वनी क्रमांक सोबत नेता येत नाही. नातेवाईक, डॉक्टर, बँक आणि गॅस वितरक यांना नवा क्रमांक आधी कळवावा. आणखी एक फरक सहसा लक्षात येत नाही. तांब्याच्या तारेवरील साध्या दूरध्वनीला वीज दूरध्वनी केंद्राकडून मिळत असे. घरातील वीज गेली तरी तो चालत असे. फायबरमधून वीज वाहत नाही. घरातील वीज गेली की ओएनटी बंद पडते आणि त्याबरोबर दूरध्वनीही. अशा घरांत राउटरसाठी लहान बॅटरी-संच बसवावा. तो घेताना अडॅप्टरवरील व्होल्टेज आणि अँपिअरचे आकडे जुळवून पाहावेत. तसेच चार्ज केलेला मोबाइल नेहमी हाताशी ठेवावा.

ई-मेल आणि मनोरंजन सेवा : जुन्या कंपनीने दिलेला ई-मेल पत्ता सेवा संपल्यावर बंद होऊ शकतो. बँक, आयुर्विमा किंवा आयकर खात्याकडे तोच पत्ता नोंदविलेला असल्यास आधी बदलून घ्यावा आणि आवश्यक पत्रव्यवहार उतरवून ठेवावा. योजनेबरोबर मिळालेली चित्रपट व मालिकांची सदस्यत्वेही त्याच दिवशी संपुष्टात येतात.

तक्रार कोठे करावी?

ट्राय ही नियम ठरविणारी संस्था आहे. ती वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करीत नाही. तिच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार दोन टप्पे आहेत. प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. तिचे निवारण न झाल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. तक्रार निवारणाची मुदत संपल्यापासून ३० दिवसांत हे अपील करावयाचे असून त्यासाठी शुल्क नाही. त्यावर ३९ दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. पुढे केंद्र सरकारच्या सार्वजनिक तक्रार निवारण संकेतस्थळामार्फत दूरसंचार विभागाकडे तक्रार नेता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ हाही उपलब्ध आहे.

दूरसंचार सेवांविषयीचे वाद ग्राहक आयोगांपुढे चालू शकतात की नाही, याबाबत दीर्घकाळ संदिग्धता होती. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी दिलेल्या निकालात असे वाद ग्राहक मंचांच्या कक्षेत येतात, हे स्पष्ट केले. अनामत अडकून पडणे किंवा बंद केलेल्या सेवेचे देयक येणे यांसारख्या प्रकरणांत जिल्हा आयोगाचा मार्ग त्यामुळे खुला आहे.

ग्राहकांनी जपून ठेवावयाची कागदपत्रे

यांपैकी कोणत्याही ठिकाणी ग्राहकाची बाजू कागदपत्रांवरच उभी राहते. सेवा बंद करण्याच्या अर्जाची प्रत व विनंती क्रमांक, उपकरण परत केल्याची पोच, अंतिम देयक भरल्याची पावती, थकबाकी नसल्याचे उत्तर आणि अनामत भरल्याची मूळ पावती ही पाच कागदपत्रे अनामत हाती येईपर्यंत, आणि शक्य असल्यास त्यानंतरही वर्षभर, जपून ठेवावीत. नव्या कंपनीने दिलेली योजनेची लेखी माहितीही त्यांच्यासोबत ठेवावी. पुढच्या वेळी सेवा बदलण्याचा प्रसंग आल्यास ठरलेले काय होते आणि मिळाले काय, याची तुलना तिच्याच आधारे करता येईल.